एकतीस तास चाळीस मिनिटं

मंगळवार, ११ मार्च
सकाळचे सात वाजून पाच मिनिटं, कचेरीतून

दादास,

नमस्कार. वाकून केलेला नाही, बसल्या बसल्या केलेला आहे, तेवढ्यावर भागव.

तू बरा असशील. वहिनीची पाठ आता कशी आहे? आई सांगत होती की दुकानाला तू निळा रंग दिलास. चष्म्याच्या दुकानाला निळा रंग कुणी सुचवला तुला? बाहेरून दाताचा दवाखाना वाटत असेल. असो, दुकान तुझं, भिंती तुझ्या. माझं बरं चाललंय. सकाळची पाळी आहे, समोर तीन पडदे आहेत आणि चहा नेहमीसारखा भिकार आहे.

चार वर्षांनी टिंगूचं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. बरोबर आलं. पण काम सगळ्यात शेवटी सांगणार आहे. आणि तू शेवटचं पान आधी वाचतोस हे मला पक्कं माहीत आहे. लहानपणी रहस्यकथा तशाच वाचायचास आणि खुनी कोण ते मला पहिल्याच प्रकरणात सांगून मोकळा व्हायचास. म्हणून मी पानांना आकडे घातलेले नाहीत आणि पाकिटात ती उलटसुलट भरणार आहे. बस शोधत. नाहीतर शहाण्यासारखा पहिल्यापासून वाच.

आधी माझ्या नोकरीबद्दल. तू लोकांना सांगतोस की बहीण विमानतळावर तिकिटं बघते. मावशीनं मला सांगितलं. दादा, मी तिकिटं बघत नाही. मी विमान सोडते. कुठल्या मार्गानं जायचं, वारा कुठे पाठीशी घ्यायचा, कुठलं वादळ टाळायचं, इंधन किती भरायचं, वाटेत काही झालं तर कुठे उतरायचं, हे सगळं आखून मी कप्तानाच्या हातात देते. त्या कागदावर दोन सह्या लागतात, एक कप्तानाची आणि एक माझी. माझी नसेल तर विमान जागचं हलत नाही. हे तुला चांगलं समजावं म्हणून लिहितेय, कारण पुढे लागणार आहे.

तुझ्या विमानतळापासून माझ्या विमानतळापर्यंत बारा हजार एकशे चाळीस किलोमीटर आहेत. इकडून तिकडे जायला तेरा तास पन्नास मिनिटं लागतात. तिकडून इकडे यायला पंधरा तास वीस. अंतर तेच, पण इकडे येताना वारा तोंडावर असतो. जगातले लोक "लांब आहे" एवढं म्हणून सोडून देतात. मला तसं म्हणता येत नाही. लांब म्हणजे किती, हे मला रोज मिनिटांत लिहावं लागतं, आणि चुकलं तर चारशे माणसं पाण्यात.

थांब, हवामानवाली बोलावतेय.

आले. समुद्रावर वारा थोडा सरकलाय, मार्ग जरा उत्तरेला नेला. वेळ तीच.

तर आता तो गुरुवार. तू म्हणशील, किती वेळा तेच उगाळशील? अरे, मी एकदाही उगाळलेलं नाही. फोनवर तुला शिव्या घातल्या त्या वेगळ्या. शिव्यांमध्ये तपशील नसतो. आज तपशील ऐक.

बाबा न्हाणीघरात कोसळले ते गुरुवारी, तुमच्याकडे सकाळी सात वाजता. तुमची घड्याळं आमच्यापुढे नऊ तास, म्हणजे इकडे तेव्हा बुधवारचे रात्रीचे दहा. मी जागी होते. फोन उशाला होता. तू बाबांना दवाखान्यात नेलंस, डॉक्टरांनी तुला सांगितलं की धोका आहे, जवळच्यांना कळवा. हे मला पुढे मावशीकडून कळलं. मावशीला तू सकाळी आठला फोन केलास. आतेभावाला केलास. दुकान बंद राहील म्हणून काच पाठवणाऱ्या माणसाला केलास! त्याचं नाव तुझ्या यादीत माझ्या वर होतं. मी यादीतच नव्हते.

इकडे गुरुवारी सकाळी मी कामावर आले. ह्याच खुर्चीवर बसले. साडेदहाचं तिकडचं विमान आखलं, वारा पाहिला, इंधन मांडलं, सही केली. ते विमान एकसष्ट जागा रिकाम्या घेऊन गेलं, दादा. एकसष्ट. आकडा माझ्याच कागदावर होता. आमच्या माणसांना रिकाम्या जागेवर बसता येतं. पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात होता, अजून तिथेच असतो. तू एक फोन केला असतास, तर मी सही केली असती आणि पळत जाऊन त्याच विमानात बसले असते. तुझ्या हातात साडेबारा तास होते. साडेबारा!

शुक्रवारी तुमच्या सकाळी नऊ वीसला ते विमान तिकडे उतरलं. बाबा दुपारी बारापर्यंत शुद्धीत होते. चार वाजता गेले. म्हणजे मला सहा तास मिळाले असते, त्यातले दोन बोलायला. मावशी म्हणाली, बाबांनी दोनदा विचारलं, टिंगू कुठे आहे. तुम्ही काय उत्तर दिलंत ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग साडेचारला तुझा फोन. "बाबा गेले." मी विचारलं, कधीपासून आजारी होते? तू म्हणालास, कालपासून. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तेव्हा तू जे बोललास ते शब्द मला झोपेतही ऐकू येतात. "एवढ्या लांबून येऊन काय करणार होतीस? पोचली नसतीसच."

पोचली नसतीसच! हे तू मला सांगतोस? तू, ज्याला शेजारच्या गल्लीत जायला किती वेळ लागतो हे विचारलं तर "लागेल थोडा" म्हणतोस?

मी आले नाही त्यानंतर. कुणासाठी येणार होते? त्या विमानाचा कागद मात्र मी जपून ठेवला आहे. रद्दीत जायचा होता, मी मागून घेतला. खाली माझी सही आहे, नीट, वळणदार. बाबांकडे जाणारं विमान मी माझ्या हातानं मला न घेता सोडलं, आणि ते तू माझ्याकडून करवून घेतलंस. ह्याची भरपाई मी तुझ्याकडून कशी घेणार, हा विचार मी चार वर्षं करतेय. जेवताना करते, दात घासताना करते. तू म्हणशील, काय हे विष. आहेच विष. तुझ्या हातचं आहे.

आठ वीस झाले. कप्तानाचा फोन येऊन गेला. भला माणूस आहे, रोज विचारतो, आज वारा काय म्हणतोय? मी म्हटलं, पाठीशी आहे.

आता आईबद्दल.

आठ महिन्यांपूर्वी तू तिला इकडे सोडायला आलास ते तीन दिवस आठवतात ना? आपण दोघं एका टेबलावर जेवत होतो आणि मी आईला सांगत होते, "त्याला विचार मीठ हवंय का." आणि तू आईला सांगत होतास, "तिला सांग, आहे पुरेसं." बिचारी आई मधे बसून मिठाची बाटली इकडून तिकडे करत होती. तेव्हा तू पाच वर्षांचा व्हिसा काढलास. त्यातली चार वर्षं चार महिने अजून शिल्लक आहेत. मी मुद्दाम मोजलंय.

तू दर रविवारी तिला फोन करतोस. मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी फोन मी उचलला. तुला सांगितलं, ती आंघोळीला गेलीय. परवाच्या रविवारी सांगितलं, शेजारच्या शिंपिणीबरोबर फिरायला गेलीय, फोन घरीच विसरली. तू म्हणालास, "चालतीफिरती आहे ना, मग छान." मी म्हटलं, हो, छान.

आई अकरा दिवसांपासून दवाखान्यात आहे.

छातीत पाणी झालंय. दोनदा काढलं, पुन्हा झालं. हृदय थकलंय, असं डॉक्टरबाई म्हणतात. पहिल्या दिवशी आईनं विचारलं, दादाला कळवलंस का? मी म्हटलं, कळवलं, तो रोज फोन करतो, तू झोपलेली असतेस. तिनं विश्वास ठेवला. आईला खोटं सांगणं इतकं सोपं असतं, हे मला माहीत नव्हतं. तुला असेल.

काल संध्याकाळी सहाला डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, दोन दिवस, फार तर तीन. जवळच्यांना बोलावून घ्या. तेच शब्द, दादा. जणू काही सगळीकडे एकाच वहीतून वाचून दाखवतात.

मी तेव्हाच फोन केला असता, तर तू तुमच्या सकाळच्या अकरा पन्नासच्या विमानात बसून आज संध्याकाळी सहा दहाला इथे असतास. मी फोन केला नाही. घरी गेले, आंघोळ केली आणि गाढ झोपले. चार वर्षांत पहिल्यांदा.

आता काम.

हे पत्र मी आत्ता पावणेदहाला साडेदहाच्या विमानातल्या मोठ्या बाईंकडे देणार आहे. त्या केबिनच्या प्रमुख आहेत, खात्रीच्या आहेत. तेरा तास पन्नास मिनिटांनी, म्हणजे तुमच्या बुधवारी सकाळी नऊ वीसला, त्या तिकडे उतरतील आणि आमच्या तिकडच्या कचेरीतल्या लंबूकडे देतील. लंबू तुझं गिऱ्हाईक आहे, दोन चष्मे केलेत त्यानं तुझ्याकडे. तो स्कूटरवरून दहा वाजून पाच मिनिटांनी दुकानात येईल आणि हे पाकीट तुझ्या हातात ठेवेल. त्याला आतलं काही माहीत नाही, त्याच्यावर डाफरू नकोस.

तेच विमान तिकडून अकरा पन्नासला परत फिरतं. त्यातली एक जागा तुझ्या नावावर अडवून ठेवली आहे. दार एक तास आधी बंद होतं. दुकानापासून विमानतळ पंचवीस मिनिटं. म्हणजे पाकीट हातात पडल्यापासून दुकान सोडेपर्यंत तुला वीस मिनिटं आहेत. हे पत्र सावकाश वाचायला अकरा मिनिटं लागतात. लिहिलेलं मी घड्याळ लावून वाचून पाहिलं, उरलेल्याचा अंदाज धरला. तुझ्याकडे नऊ उरली, दुकानाच्या खणातला पासपोर्ट काढायला पुरेत.

मिळालं विमान, तर बुधवारी संध्याकाळी सहा दहाला इथे उतरशील. इथून पत्र निघाल्यापासून तू इथे टेकेपर्यंत एकतीस तास चाळीस मिनिटं. आई तोवर असेल का? मला माहीत नाही. तू मला पोचली नसतीसच असं सांगितलंस, मी तुला तसं सांगणार नाही. पोचशीलही. नाही पोचलास, तर विमानात पंधरा तास वीस मिनिटं खिडकीबाहेर बघत बस आणि एकसष्ट जागांचा विचार कर.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

जिला कुणी कळवलं नव्हतं ती,
तुझी बहीण


शनिवार, १५ मार्च
दुपार, घरून

दादा,

तू आत्ता माझ्या स्वयंपाकघरात गळणाऱ्या नळाखाली डोकं घालून बसला आहेस आणि मी पलीकडच्या खोलीत बसून तुला पत्र लिहितेय. हसू येण्यासारखं आहे. समोर येऊन बोलायला हवं, पण मी समोर आले की तू मला काहीतरी खायला देतोस.

हे पाकीटही मोठ्या बाईंकडेच देतेय. उद्या तुझ्या विमानात त्याच आहेत. त्यांना सांगितलंय की अर्धी वाट व्हायला आली की द्या, त्याआधी नको. आमच्या कामात असा एक बिंदू असतो, की तिथून मागे वळण्यापेक्षा पुढे जाणं लवकर होतं. वारा पाठीशी असला की तो बिंदू अर्ध्या वाटेच्या आधीच येतो. तो ओलांडल्यावर तू हे वाचावंस, म्हणजे मागे वळून माझ्या दारात येणार नाहीस. भित्री म्हण हवं तर. आहेच.

मंगळवारी काय झालं ते सांगायचं राहिलंय.

विमान साडेदहाला सुटलं. मी पाळी बदलून घेतली आणि बारापर्यंत दवाखान्यात पोचले. शिंपीण आईजवळ बसली होती, तिला घरी पाठवलं. आई त्या दिवशी बरीच हुशारीत होती. उशाला टेकून बसली होती, नर्सला सांगून तिनं वेणी घालून घेतली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा येतोय का गं?"

मी म्हटलं, "निघेल उद्या."

"कशाला बोलावलंस? एवढ्या लांबून. धावपळ होईल त्याची."

 माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार, कारण ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेव्हाही मीच नको म्हटलं होतं."

"कुणाला नको म्हटलं होतंस?"

"दादाला. बाबांच्या वेळी. तो फोन हातात घेऊन उभा होता, तुझा नंबर लावत होता. मी त्याच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, पोर एकटी चौदा तास विमानात रडत येईल, तिला कोण पाणी विचारणार? बाबांना जरा उतार पडू दे, मग सांगू. मला खरंच वाटलं होतं गं, उतार पडेल."

मी विचारलं, मग चार वर्षं तू बोलली का नाहीस? इतकी वर्षं मी त्याला शिव्या घालतेय, तू ऐकत बसलीस?

ती म्हणाली, "तू माझ्यावर रागावली असतीस, तर मला कधी तुझ्याकडे बोलावलं नसतंस. मी त्याला म्हटलं, तू अंगावर घे. तो घेतो."

तो घेतो! कसं सांगितलं बघ. घरात एक जण मासे आणतो, एक जण वीजबिल भरतो आणि एक जण अंगावर घेतो.

दादा, मला तुझा इतका राग आला की विचारू नकोस. आधी होता त्याहून जास्त. आईचा यायला हवा होता, पण समोर एवढीशी झालेली, नाकात नळी घातलेली बाई, तिच्यावर काय ओरडणार? आईशी भांडायला माझ्याकडे चार वर्षं होती. ती तू मला मिळू दिली नाहीस. मूग गिळून बसलास. "पोचली नसतीसच" हे वाक्य तुझं नव्हतंच, आईचं होतं, होय ना? तू नुसतं वाचून दाखवलंस. आणि मी मूर्खासारखी चार वर्षं एका पोकळ माणसावर दगड मारत राहिले, आतून आवाजसुद्धा आला नाही.

इथपर्यंत तुलाही माहीत असेल. आई तुला म्हणाली असेलच कधीतरी, की टिंगूला एक दिवस सांगीन. पुढचं तुला माहीत नाही.

मी बाहेर आले. दवाखान्याच्या त्या लांब बोळात एक बाक आहे, त्याच्यावर बसले. बारा वाजून पंचवीस मिनिटं. पत्र हवेत होतं, उडून दोन तासही झाले नव्हते. तुमच्याकडे मंगळवारचे रात्रीचे साडेनऊ. मी फोनवर पाहिलं. दुसऱ्या कंपनीचं एक विमान तुमच्याकडून अकरा पंचेचाळीसला होतं, वाटेत एकदा बदलायचं, बुधवारी सकाळी अकरा वीसला इथे. जागा होत्या. वारा, बदलायचा वेळ, सगळं मी तपासलं. चुकण्यासारखं काही नव्हतं. मी तेव्हा फोन केला असता, तर तू बुधवारी दुपारी बारा वाजता आईच्या उशाशी असतास. तुझी चूक नव्हती हे मला कळलं होतं. विमान होतं. फोन हातात होता. पडद्यावर तुझं नाव काढलं होतं.

मी केला नाही.

सूड म्हणून नाही. ते तुला सांगितलं तर तू लगेच समजून घेशील, की चिडली होती, काय करणार. म्हणून खरं काय ते लिहिते. मला वाटलं, तू आलास की ती तुझी होणार. तू आत येशील, ती तुझा हात धरेल आणि मग ती माझ्याकडे बघणारसुद्धा नाही. बाबा तुझ्या हातात गेले. आई तरी माझ्या एकटीच्या वाट्याला यावी, असं मला वाटलं. फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि आत गेले. तिला विचारलं, पेज देऊ का?

बुधवारी सकाळपासून ती दाराकडे बघत होती. कुणी नर्स आली तरी मान वळवायची. दर अर्ध्या तासानं विचारायची, "आला का?" मी सांगायची, विमानात आहे. तोवर ते खरं झालं होतं. लंबूचा निरोप आला होता, की गेला एकदाचा, अंगातला पांढरा कोटसुद्धा काढला नाही, माझीच स्कूटर घेऊन गेला, मी रिक्षानं परत आलो.

चार वाजता तिनं विचारलं, "अजून किती राहिलंय?"

मी म्हटलं, "दोन तास."

ती म्हणाली, "लांबच आहे गं."

चार पंचवीसला गेली. माझाच हात होता हातात. मला हवा होता तसा. पण तिनं शेवटची नजर दाराकडे टाकली, दादा. माझ्याकडे नाही. एवढं करून, एवढे तास चोरून, माझ्या हाती एक पाठमोरी मान आली.

मग तू आलास. सहा पस्तीसला. दुकानातला पांढरा कोट, खिशाला लावलेली डोळ्यांमधलं अंतर मोजायची ती बारीकशी पट्टी, पायात चपला, हातात पासपोर्टशिवाय काही नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, मनात ठरवून की आता हा मला मारेल, आणि मारावं. तू आईकडे गेलास, तिच्या कपाळावर हात ठेवलास, खूप वेळ उभा राहिलास. मग माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

अरे माणूस आहेस की कोण आहेस?

तीन दिवस झाले. माझं पत्र तू वाचलंस, अकरा मिनिटं त्यात घालवलीस, रविवारच्या दोन थापा वाचल्यास, आणि एक अक्षर बोलला नाहीस. कागदपत्रं तू केलीस, माणसांना तू भेटलास, माझ्या दाराची कडी दुरुस्त केलीस, आता नळ. वर माझ्या चष्म्याचे स्क्रू घट्ट करून ठेवलेस. मी माफी मागायला हे लिहीत नाहीये. माफी मागितली की तू लगेच देऊन टाकशील, एखाद्या गिऱ्हाइकाला रुमाल फुकट द्यावा तशी. मला नको आहे ती. मला तू भांडायला हवा आहेस. एकदा तरी माझ्या अंगावर ओरड. म्हण, टिंगू, तू मला माझ्या आईचे साडेचार तास दिले नाहीस. आणि नुसते साडेचारही नाहीत, सोमवारी फोन केला असता तर अख्खा एक दिवस होता. बावीस तास. तुला मोजता येत नाही म्हणून मी मोजून देतेय.

आणि एक गोष्ट तर आता चालणारच नाही. काल संध्याकाळी तू मावशीशी फोनवर बोलत होतास. ह्या घराच्या भिंती पातळ आहेत. तू म्हणत होतास, "काय करणार मावशी, विमानालाच उशीर झाला, नाहीतर भेट झाली असती. टिंगूनं बिचारीनं फार धावपळ केली, लगेच कळवलं." आज सकाळी आतेभावालाही तेच. विमानालाच उशीर झाला.

पुन्हा अंगावर घेतलंस. ह्या वेळी तर कुणी सांगितलंही नव्हतं.

हे मी होऊ देणार नाही. मला आईसारखं चार वर्षं गप्प बसायचं नाही, आणि तुझ्या चांगुलपणाखाली दबून तर मुळीच जगायचं नाही. तू हे वाचत असशील तेव्हा मी मावशीला फोन करून सगळं सांगितलेलं असेल, सोमवारच्या संध्याकाळपासून बोळातल्या बाकापर्यंत. ती मला जे बोलेल ते मी ऐकेन. तू घरी पोचलास की तीच तुला विचारेल. तेव्हा तिच्यापुढे माझी बाजू घेऊ नकोस. एवढं एक माझ्यासाठी कर.

तू ज्यातून आलास, त्या विमानाचा कागद माझ्यासमोर आहे. समोरचा वारा त्या दिवशी पडला होता. सहा दहाला यायचं ते पाच त्रेपन्नला टेकलं, सतरा मिनिटं आधी. विमानाला उशीर झाला नव्हता, दादा. उशीर मी केला.

तुझी,
टिंगू